उपकरणाची ओळख एकाच तक्त्यात हवी

महोदय,

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शाळांतले आणि छोट्या कचेऱ्यांतले चालते संगणक भंगारात जाऊ नयेत म्हणून लिनक्स घाला, असा सल्ला तेव्हापासून जो तो देतो. त्यावर हमखास येणारी तक्रार म्हणजे 'आमच्या वायफायचा ड्रायव्हरच नाही'. पुष्कळदा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, असतो. त्याच्या यादीत त्या कार्डाचा क्रमांक नसतो. किंवा क्रमांक यादीत असतो, पण त्याच ड्रायव्हरच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या कोडला तो ठाऊक नसतो. पहिला दोष लगेच कळतो. दुसरा छळतो, आणि तो टाळणे सर्वस्वी ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

पीसीआय जोडणीवरच्या (संगणकाच्या आत कार्डे जोडण्याच्या मार्गावरच्या) प्रत्येक उपकरणाच्या कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये, म्हणजे त्याची माहिती ठेवलेल्या जागेत, पहिल्या चार बाइटांत दोन आकडे असतात, एक उत्पादकाचा आणि एक उपकरणाचा, दोन्ही १६ बिटांचे. व्हर्च्युअल मशीनमध्ये सर्रास दिसणारे इंटेलचे नेटवर्क कार्ड हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ८०८६:१००ई असते. जागा रिकामी असेल तर एफएफएफएफ वाचले जाते. पुढे उपकरणाचा प्रकार सांगणारा तीन बाइटांचा वर्ग-संकेत येतो आणि त्यानंतर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे उप-क्रमांक. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हे आकडे ड्रायव्हरच्या तक्त्याशी (वर म्हटलेल्या यादीशी) ताडतो आणि जुळले की ड्रायव्हरचे प्रोब फंक्शन, म्हणजे उपकरण ताब्यात घेऊन सुरू करणारा भाग, बोलावतो. 'एलएसपीसीआय -एनएनके' ही आज्ञा दिली की क्रमांक आणि त्याला लागलेला ड्रायव्हर दोन्ही दिसतात.

बिघडते ते प्रोबच्या आत. अनेक जुन्या ड्रायव्हरांत तिथे तेच क्रमांक घेऊन पुन्हा एक लांबलचक स्विच-केस ('हा क्रमांक असेल तर हे कर' अशी यादी) मांडलेली असते. रीसेटच्या फंक्शनमध्ये आणखी दोन-चार 'इफ', सस्पेंडमधून उठताना तिसरी यादी, लॉगमध्ये नाव छापायला चौथी. सोसायटीच्या कार्यालयातले सभासद रजिस्टर एक आणि वॉचमनच्या वहीतली नावे भलतीच, असा हा कारभार. नवे कार्ड बाजारात आले की कोणीतरी दोन ठिकाणी क्रमांक घालतो आणि तिसरे ठिकाण राहून जाते. तिथे मुकाट्याने डिफॉल्ट शाखा, म्हणजे अनोळखी क्रमांकासाठीची वागणूक, लागू होते. कार्ड चालते, डाउनलोड होते, सगळे खूश. मग लॅपटॉप झोपेतून उठला की नेटवर्क गायब. त्या पिढीच्या चिपला उठताना रीसेटची एक जादा पायरी लागते आणि ती ज्या यादीवरून ठरते, तिथे हा क्रमांकच नाही. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपाइलर याबद्दल चकार शब्द काढत नाही.

उपाय जुनाच आहे, पण केला जात नाही. आधी ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) लावून उपकरण-क्रमांकाशी तुलना करणारी प्रत्येक ओळ काढावी. प्रत्येक ओळ नेमके काय विचारते आहे ते पाहावे. दिसायला ती 'तू कोण' असे विचारते. तिला हवे असते ते 'तुझ्या रांगा किती', 'तुझा रीसेट रजिस्टर कुठे', 'तुला जादा विलंब लागतो का'. ही उत्तरे चिपच्या प्रत्येक पिढीसाठी एका कॉन्स्ट स्ट्रक्टमध्ये (न बदलणाऱ्या माहितीच्या संचात) भरावीत आणि तक्त्यातल्या ओळीच्या ड्रायव्हर_डेटा या रकान्यात त्या स्ट्रक्टचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवावा. लिनक्समध्ये पीसीआय_डिव्हाइस_डेटा हा मॅक्रो (तयार लघुरूप) त्यासाठीच आहे. प्रोबने तो पॉइंटर उचलून आपल्या खासगी स्ट्रक्टमध्ये ठेवला की क्रमांकाचे काम संपले. बाकीच्या ड्रायव्हरने तो पुन्हा पाहायचा नाही. मगच स्विच पुसावी. बदलाआधी आणि बदलानंतर 'मोडइन्फो -एफ एलियास'चे उत्तर, म्हणजे ड्रायव्हर ज्या क्रमांकांना लागतो त्यांची यादी, सॉर्ट करून दोन फायलींत घ्यावे आणि फरक दाखवणारा डिफ लावावा. एकाही ओळीचा फरक दिसता कामा नये. नवे कार्ड घालायचे असेल तर ते वेगळ्या कमिटमध्ये (बदलाच्या वेगळ्या नोंदीत). साफसफाई आणि भर एकत्र केली की तपासणाऱ्याचे डोळे फिरतात.

या कामात घसरायच्या जागा ठरलेल्या आहेत. तक्ता वरून खाली वाचला जातो आणि पहिली जुळणारी ओळ जिंकते. एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्कांच्या) ड्रायव्हरच्या तक्त्यात विशिष्ट डिस्कांच्या खोडी नोंदवणाऱ्या ओळी आधी येतात आणि ०१०८०२ या वर्गाची सर्वसाधारण ओळ शेवटी. 'नीट लावू या' म्हणून कोणी ती वर नेली, तर सगळ्या खोडी एका फटक्यात विसरल्या जातील. तक्त्याच्या शेवटी रिकामी ओळ हवीच, नाहीतर कर्नल पुढची मेमरी वाचत सुटतो. हा तक्ता बाहेर जाहीर करणारी मोड्यूल_डिव्हाइस_टेबल ही ओळ लिहायची राहिली तर मॉडप्रोब या आज्ञेने हाताने चढवलेला ड्रायव्हर व्यवस्थित चालतो, आपोआप मात्र चढत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या टेबलावर हा दोष दिसतच नाही.

पॉइंटरऐवजी इनममधला (शून्यापासून मोजलेल्या नावांच्या यादीतला) अनुक्रमांक ठेवणारेही पुष्कळ आहेत. मला तो प्रकार पसंत नाही. चालत्या ड्रायव्हरला नवा क्रमांक हाताने कळवण्यासाठी सिसएफएसमध्ये (कर्नलच्या माहितीच्या फायलींत) न्यू_आयडी फाइल असते; तिच्यात नुसते दोन क्रमांक लिहिले, तर कर्नल ड्रायव्हर_डेटा शून्य धरतो. शून्य म्हणजे इनममधली पहिली पिढी, आणि ती बहुधा सर्वांत जुनी. नव्या कार्डाला जुन्या चिपची मांडणी लागते आणि कोणी हूं की चूं करत नाही. सगळ्या ओळींत पॉइंटर असले, तर शून्य कुठेच जुळत नाही आणि कर्नल सरळ नकार देतो. नकार परवडला.

यूएसबीचे तत्त्व तेच, फक्त डिस्क्रिप्टरमधले, म्हणजे उपकरणाने दिलेल्या स्वतःच्या माहितीतले, क्रमांक लिटल-एंडियन (लहान बाइट आधी) असतात. बाइटांचा क्रम जुळवणारे एलई१६_टू_सीपीयू न लावता हाताने तुलना केलेला कोड नेहमीच्या लॅपटॉपवर चालतो आणि बिग-एंडियन (मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) राउटरवर आपटतो. लॅमिंग्टन रोडवर यूएसबी-सीरियलच्या केबली घेणाऱ्यांना १ए८६:७५२३ म्हणजे सीएच३४० चिप आणि ०४०३:६००१ म्हणजे एफटीडीआय कंपनीची चिप हे पाठ असते, पण क्रमांक हा अस्सलपणाचा दाखला नव्हे. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा उत्पादन-क्रमांक थेट ०००० करून टाकला आणि त्या केबली बंद पडल्या. लिनक्सला त्या पुन्हा चालवायला एक व्याख्या आणि तक्त्यातली एक ओळ पुरली. तेच क्रमांक चार फंक्शनांत विखुरलेले असते तर?

मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना म्हणून सुचवावेसे वाटते की, ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात 'हॅलो वर्ल्ड' मोड्यूल एकदा झाले की विद्यार्थ्यांना एखादा जुना ड्रायव्हर देऊन वरची साफसफाई करून घ्यावी. कार्ड हाताशी नसले तरी क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्या प्रोग्रॅममधले ८०८६:१००ई सरावाला पुरते.

आणि संगणक विकत घेणाऱ्या शाळा-कचेऱ्यांनी निविदेत 'लिनक्सवर चालणारे' एवढेच लिहून थांबू नये. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या वायफाय अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीत रिअलटेकची. खोक्यावरचे नाव मात्र तेच. मॉडेलच्या नावाशेजारी उत्पादक-क्रमांक, उपकरण-क्रमांक आणि आवृत्ती मागावी, आणि माल आल्यावर सही करण्याआधी एका नगावर 'एलएसयूएसबी' (यूएसबी उपकरणांचे क्रमांक दाखवणारी आज्ञा) चालवून ते जुळतात का पाहावे.

— एक सिस्टिम्स प्रोग्रॅमर, ग्रँट रोड, मुंबई