तिसरा प्रश्न

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला सलाईन लावलं होतं हे मला चिंगीकडून कळलं. तेही आठ दिवसांनी, बोलता बोलता. त्या आठ दिवसांत मी रोज फोन करत होते आणि तू रोज "सगळं ठीक आहे गं" म्हणत होतीस. रागवायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. गौरी गेल्या त्या दिवशी आपल्यात झालं तेवढं पुरे. तू निघालीस तेव्हा मी तुझ्या हातावर घालायला दही घेऊन दारात उभी होते, आणि तू बॅग खांद्याला लावून तशीच जिना उतरलीस. ती वाटी मी संध्याकाळपर्यंत हलवली नाही.

"तुला माझ्या कामातलं काही कळत नाही," असं तू म्हणालीस. पण आदल्याच रात्री फ्रिजच्या दारावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून तूच मला सगळं सांगत होतीस. करायचंय, करतोय, झालं, अशा तीन रांगा. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, शेवटी काहीतरी चालतं-फिरतं गिऱ्हाइकासमोर ठेवायचं आणि त्याचं ऐकून पुढचं ठरवायचं. ते मला लगेच पटलं. आजी तुझा फ्रॉक कच्च्या टाक्यावर अंगाला लावून बघायच्या, तेव्हाच गळा ठरायचा. पूर्ण शिवून झाल्यावर उसवायचं म्हणजे कापडाचीही नासाडी आणि डोळ्यांचीही. आणि रोज सकाळी 15 मिनिटं उभ्याने बोलायचं : काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय का. हे तीन प्रश्न स्क्रमच्या, म्हणजे टीमने मिळून सॉफ्टवेअर बनवायच्या तुमच्या पद्धतीच्या, नियमावलीतून 2020 साली काढले, तरी आमच्याकडे अजून विचारतो, असंही म्हणालीस. तू स्क्रम मास्टर. बाकीच्या आठ जणांचं अडलेलं सोडवायचं ते तू. मग तुझं अडलेलं कोण विचारतं?

कानबानचं, म्हणजे कार्ड येईल तसाच माल पुढे द्यायच्या पद्धतीचं, नाव घेतलंस तेव्हा मी काही बोलले नाही. भोसरीच्या कारखान्याच्या स्टोअरला 22 वर्षं मी तेच कार्ड हाताळलं. प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, हाताच्या तळव्याएवढं, कडा काळ्या पडलेल्या; त्यावर पार्ट नंबर, बिनमध्ये, म्हणजे डब्यात, किती नग, कुठून कुठे जायचं. जोडणीच्या लाइनवरचा बिन रिकामा झाला की कार्ड माझ्याकडे यायचं, मग दुसरा भरलेला बिन जायचा. कार्ड नाही तर एक बुशही द्यायचं नाही. ट्रेनिंगला सांगितलं होतं की टोयोटाच्या ओनोंना हे अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचलं. गिऱ्हाईक उचलेल तेवढंच फळीवर पुन्हा भरायचं.

एका महिनाअखेरीला साहेबांनी सांगितलं, आज कार्डाचं राहू दे, माल सोडा. मी सोडला. लाइनच्या कडेला बिनांची भिंत उभी राहिली. त्यात बोअर, म्हणजे मधलं भोक, मोठा झालेला एक लॉट होता. रोजच्यासारखं मोजकं असतं तर पहिल्याच बिनला सापडला असता. तो ढिगाखाली गेला आणि तिसऱ्या दिवशी सापडला. तोवर जोडणीही झाली होती. त्या रात्री मी जेवले नाही. साहेबांना "नाही" म्हणायला हवं होतं हे मला तेव्हाच माहीत होतं.

म्हणून तुझ्या स्क्रीनवरचं मी जे बघितलं ते डोक्यातून जात नाही. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये तुमच्या टीमचं काम 26 पॉइंटच्या (काम किती मोठं ते मोजायचा तुमचा आकडा) आसपास झालेलं, आणि या वेळी घेतलेलं 41. तूच सांगितलंस, एका कामाचा अंदाज सांगायला सगळ्यांनी 8 पॉइंटचा पत्ता दाखवला आणि वरचे म्हणाले 3 धरा. अगं, पत्ते सगळ्यांनी एकदम उलटायचे ते याचसाठी ना, की मोठ्याचा आकडा बघून धाकट्याने आपला बदलू नये? काम किती मोठं आहे हे जो करणार त्यानेच सांगायचं. स्प्रिंटमध्ये किती घ्यायचं तेही त्यांनीच ठरवायचं. तू स्क्रम मास्टर असून त्या 3 ला मान हलवलीस, आणि मग उरलेलं रात्री दोन वाजेपर्यंत बसून स्वतः भरून काढलंस. चिठ्ठ्यांच्या त्या बोर्डावर तुझ्या रात्री कुठेच दिसत नाहीत. बोर्ड बघणाऱ्याला वाटणार, 41 जमतात. पुढच्या वेळी 45 देतील.

बघ, शिकवायला लागले. माफ कर. तुझ्यासमोर मी या विषयात बोलावं एवढं मला येत नाही. जोशीकाकू तुमच्या अ‍ॅपवरून औषधं मागवतात आणि दर वेळी मला फोन दाखवतात, "हे तुमच्या मनूचं." मी तो फोन दोन्ही हातांत धरते.

पण चौथीच्या स्कॉलरशिपला तू अंगात ताप घेऊन गेलीस, ते आठवतं? मी कपाळाला हात लावायला आले तर वेणी घालायच्या निमित्ताने मान फिरवलीस. पेपर झाल्यावर शाळेच्या फाटकात माझ्या अंगावर कोसळलीस. बाबा तेव्हा नाशिकला होते. रिक्षात तुला मांडीवर घेऊन मी एकच विचारत होते, सकाळी का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "तू पाठवलं नसतंस." खरंच पाठवलं नसतं.

चिंगीकडून मी ते 12 मुद्दे मराठीत समजून घेतले. 2001 च्या फेब्रुवारीत यूटाच्या बर्फाळ डोंगरात 17 जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा, म्हणजे असं थोडं थोडं करून, गिऱ्हाइकाचं ऐकत काम करायच्या विचाराचा, जाहीरनामा लिहिला, त्यामागचे. एकात म्हटलंय की कामाचा वेग असा असावा की सगळ्यांना तो कायम झेपेल. मी तिला ते दोनदा वाचायला लावलं. तुम्ही हे पाळता का, असं विचारणार नव्हते. विचारते आहे.

पार्सलमध्ये भाजणी, मेतकूट आणि डिंकाचे लाडू आहेत. लाडू डेस्कवर वाटून टाकू नकोस. मेतकुटाच्या डब्याखाली माझं एक जुनं कार्ड आहे, रिटायर होताना मागून घेतलेलं. ते तुझ्याजवळ ठेव.

शुक्रवारी रिपोर्ट येणार म्हणे. हिमोग्लोबिन किती आलं तो आकडा मला हवा आहे, "ठीक आहे" नको. सकाळची तुमची 15 मिनिटं झाली की मी फोन करते. मी तिसराच प्रश्न विचारणार आहे.

तुझी,
आई