टचस्क्रीनची निविदा काढण्याआधी

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

संग्रहालयांच्या डिजिटल नूतनीकरणासाठी आपण निधी देऊ केलात, याचा संग्रहालयात काम करणाऱ्या माझ्यासारखीला मनापासून आनंद झाला. म्हणूनच निविदा निघायच्या आत हे लिहिते आहे.

मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे असाच एक मोठा टचस्क्रीन बसला होता. तो तयार करणाऱ्यांनी आमच्या दालनात एक अख्खा दिवसही काढला नव्हता. बटणं इतकी वर की चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचा हात पोचेना. वडील बटणं दाबत राहिले आणि ती त्यांच्या कोपराआडून दिसेल तेवढं बघत राहिली. दालनातल्या पहारेकऱ्याने हे पहिल्याच दिवशी हेरलं होतं. लोक कुठे थबकतात, काय विचारतात, कुठून कंटाळून मागे फिरतात, सगळं त्याला तोंडपाठ. पण त्याला कुणी विचारलंच नाही. पुढे स्क्रीन बंद पडला आणि त्यावर कापड आलं.

हे वेगळ्या पद्धतीनेही होतं. २०१३ ते २०१७ या काळात युरोपात ‘मेश’ नावाच्या प्रकल्पात डिझायनर, अभियंते आणि संग्रहालयांचे अभिरक्षक सुरुवातीपासून एकत्र बसले. त्यातून नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या म्युझिऑन या संग्रहालयात २०१५ साली दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी किनाऱ्यावर उभारलेल्या अटलांटिक तटबंदीवर प्रदर्शन झालं. प्रवेशापाशी आपण त्या काळातल्या एखाद्या वस्तूची प्रतिकृती उचलायची. तिच्यात बारीक चिप. ती ठरल्या जागी ठेवली की त्या ठिकाणाची गोष्ट कधी जर्मन सैनिकाच्या, तर कधी डच नागरिकाच्या बाजूने उलगडायची. तंत्रज्ञान होतं, पण नजर वस्तूंवरच राहायची. इंग्लंडमधल्या डर्बीत जुन्या रेशीम गिरणीच्या जागी २०२१ मध्ये संग्रहालय नव्याने उघडलं, तेही शहरातल्या लोकांना आखणीत आणि प्रत्यक्ष बांधणीत सामील करून घेऊन.

आम्हीही एकदा स्क्रीनची चाचणी म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यावर कागदी पडदा चिकटवून दालनात ठेवला होता. एक आजोबा त्यापुढे उभे राहिले, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, “बाई, एवढं उभ्याने वाचवत नाही. बसायची सोय करा, मी ऐकेन.” मग पडद्याऐवजी बाक आला, त्याच्या हाताशी इअरफोन. हे कुठल्याही निविदेत आधी लिहिता आलं नसतं.

म्हणून विनंती अशी, की खरेदीच्या आधी निदान तीन महिन्यांचा स्वतंत्र टप्पा ठेवा. त्यात पहारेकरी, शिक्षक, मुलं, दृष्टिहीन प्रेक्षक असू द्या आणि त्यांना वेळेचं मानधन द्या. देखभालीची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी. मजकूर आमचा आम्हाला बदलता आला पाहिजे; एका चुकीच्या सनासाठी ठेकेदाराच्या विनवण्या करणं फार जिव्हारी लागतं.

मसुदा नक्की करण्याच्या बैठकीला आम्हाला बोलवा. संचालकांच्या शेजारी एक खुर्ची पहारेकऱ्यासाठीही ठेवा.

आपली विश्वासू,
एक संग्रहालय कर्मचारी