बाईंचा आवाज आणि माझा हात

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की तो आपोआप बंद पडला, हे मी विचारणार नाही. तुझ्या आईचे म्हणणे असे की मी आधी तुझ्या शाळेतल्या बाईंविषयी दोन शब्द बोलायला हवे होते आणि घशाचा विषय नंतर काढायला हवा होता. मी तो पहिल्याच वाक्यात काढला, आणि दुसऱ्या वाक्यात "मैदानावर गाऊ नकोस" म्हणून मोकळा झालो. बाईंना जाऊन तेव्हा चार दिवसही झाले नव्हते. माझे चुकलेच. म्हणून हे पत्र केवळ बाईंविषयी लिहायचे असे ठरवून बसलो आहे. एवढे एकदाच विचारून ठेवतो, की घसा दाखवलास का?

बाईंच्या स्मरणार्थ होणाऱ्या सामन्याआधी राष्ट्रगीत तू म्हणावेस असे सर्वांना वाटले, याचा मला आनंद झाला नाही असे मात्र समजू नकोस. ती बातमी मी दादाला एकाच संध्याकाळी तीनदा सांगितली आणि तिसऱ्या वेळी तो "बाबा, मला कळले आहे" असे म्हणाला. बाईंच्या इतक्या विद्यार्थ्यांतून तुझे नाव निघावे, आणि तेही तू त्यांच्यासारखीच दिवसा खडू हातात धरणारी आणि संध्याकाळी तंबोरा लावणारी झालीस म्हणून निघावे, यात मला जे वाटते ते लिहिता येत नाही.

मैदानाच्या मध्यापर्यंत चालत येणाऱ्या बाई मला अजून दिसतात. शेवटचा तास संपवून त्या थेट येत, त्यामुळे बोटांना खडू लागलेला असे आणि पदराला पुसल्याची पांढरी खूण असे. माईकवर फुंकर मारून पाहणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी राग होता. त्या माईकसमोर नुसत्या उभ्या राहत आणि माझ्याकडे एकदा बघत. दोन्ही संघ रांगेत उभे असत, कबड्डीची पोरे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत असत, आणि तू पाचवीत असताना पाण्याच्या बाटल्या देणाऱ्या मुलांत उभी राहून ओठ हलवीत असायचीस. मैफलीत तासभर ख्याल मांडणाऱ्या बाई इथे एकही मुरकी, म्हणजे स्वरांची छोटीशी नक्षीसुद्धा, घेत नसत. "हे गाणे माझे नाही, शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही ते माझ्याबरोबर म्हणता आले पाहिजे," असे त्या सांगत, आणि त्याच कारणासाठी आपल्या नेहमीच्या पट्टीपेक्षा एक पट्टी खाली उतरून सुरुवात करीत. राष्ट्रगीत सुमारे 52 सेकंदांत पूर्ण व्हावे असा संकेत आहे. मी ॲम्प्लिफायरपाशी घड्याळ लावून बसत असे आणि बाई 51च्या आत किंवा 53च्या पुढे गेल्याचे मला आठवत नाही.

त्यांचा विषय भूगोल होता हे लोक आता विसरले आहेत, पण तू विसरली नसशील. राष्ट्रगीतातले पर्वत आणि नद्या नकाशावर बोटाने दाखवल्याशिवाय त्या वर्गाला ते म्हणू देत नसत. स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, त्यामुळे त्यांचे खेळाडू मैदानावर मिटल्या तोंडाने उभे राहतात, आणि दक्षिण आफ्रिकेच्या एकाच राष्ट्रगीतात पाच भाषा आहेत, हे तू घरी येऊन सांगितलेस तेव्हा मी खरे मानले नव्हते आणि दुसऱ्या दिवशी बाईंनाच विचारले होते. त्यांनी मला वर्गात बोलावून शेवटच्या बाकावर बसवले.

मोकळ्या मैदानावर एकट्याने गाणे किती अवघड असते हे मैफल ऐकणाऱ्यांना कळत नाही, आणि मला ते कळते ते केवळ कर्णे बांधण्याच्या माझ्या हौसेमुळे. आवाज एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 170 मीटरवरच्या कर्ण्यातून आपलेच अक्षर आपल्याला अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येते, आणि तोवर आपण पुढच्या अक्षरावर गेलेलो असतो. नवखा गायक त्या परतणाऱ्या आवाजासाठी थांबतो, त्याच्यामागे प्रेक्षक थांबतात, आणि सगळे गाणे चिखलात चालल्यासारखे ओढत जाते. बाईंचा उपाय असा होता की एका कानात कापसाचा बोळा घालायचा आणि "मैदानावर कानाने ऐकायचे नाही, हाडाने ऐकायचे." आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही आपल्यापर्यंत पोहोचतो आणि तो कधी उशिरा येत नाही, हे त्यांनी मला समजावले होते. तू गायचे ठरवलेसच तर कापूस विसरू नकोस. मी गाऊ नकोस म्हटले होते आणि आता कापसाविषयी लिहितो आहे, हे माझ्याही लक्षात आले आहे.

आता जे लिहायचे होते ते लिहितो, कारण फोनवर ते मला कधीच बोलता येणार नाही.

राष्ट्रगीताच्या शेवटी येणाऱ्या तीन 'जय हे'पैकी पहिला तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, भिडतो आणि पुढचे दोन पायरीपायरीने खाली येतात. मैदानावर गाण्याच्या त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत बाईंचा आवाज नेमका त्या पहिल्या ठिकाणी फाटू लागला होता. हे सगळ्यांच्या आधी मला कळले, कारण कानाला हेडफोन लावून त्यांचा श्वाससुद्धा ऐकणारा मी एकटाच होतो. ती जागा जवळ आली की मी माईकचा आवाज किंचित उतरवीत असे आणि प्रेक्षकांच्या बाजूचा माईक वाढवीत असे, म्हणजे बाईंचा षड्ज हजार लोकांच्या षड्जात मिसळून जाई. एकदा मैदानातून परत येताना त्या म्हणाल्या, "आज साथ फार चांगली दिलीत." मी ते कौतुक समजून घरी आलो आणि तुझ्या आईला सांगितले. बटण फिरवण्यात काही गैर नव्हते, माऊ. बाईंना न सांगण्यात होते. त्या मोठ्या, मी कर्णे बांधणारा, मी कोण सांगणार, असे मला वाटले. त्या दोन वर्षांत त्या रोज साठ मुलांच्या वर्गात आवाज चढवून शिकवत राहिल्या आणि घसा बसला की खाकरून पुढे जात राहिल्या. अखेर तपासणी झाली तेव्हा स्वरतंतूंवरच्या गाठी जुन्या झालेल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली, मग कित्येक दिवसांचे मौन झाले. बोलण्यापुरता आवाज परत आला, तो षड्ज आला नाही. त्यानंतर त्या मैदानाच्या मध्यावर उभ्या राहून नुसता हात उचलीत आणि लोक गात. सगळ्यांना ते फार हृद्य वाटे. तू टाळ्या वाजवत होतीस आणि मी ॲम्प्लिफायरच्या तारांकडे पाहत होतो.

तुझा आवाज गेले सहा आठवडे तसाच येतो आहे. वाक्याच्या शेवटी तो विरतो, आणि मधे तू खाकरतेस. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यावेत, हे आता मला पाठ झाले आहे. गाठी कोवळ्या असताना बहुधा विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने जातात. बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात, म्हणजे त्या 52 सेकंदांतच दहा हजारांवर, आणि गाताना त्याहूनही अधिक. आणि तू तर दिवसभर शिकवतेस. गाण्याच्या आधी घटाघटा पाणी पिऊन उपयोग नाही, कारण ते पाणी अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंना लागत नाही. ते दिवसभर प्यावे लागते. खाकरू नकोस. वर्गात टेबलावर पट्टी आपट, पण ओरडू नकोस. आणि मुख्याध्यापकांना सांगून एखादा छोटा माईक—

पाहा, पुन्हा सुरू झालो. तू बत्तीस वर्षांची आहेस, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतेस, आणि मी तुला पाणी कसे प्यावे हे लिहितो आहे. क्षमा कर. बाईंविषयी लिहिणार होतो आणि निम्मे पत्र तुझ्या घशाचे झाले. पण खरे सांगायचे तर मला हे दोन विषय आता वेगळे करता येत नाहीत.

त्या दिवशी ॲम्प्लिफायरपाशी मीच बसावे असा निरोप आला आहे. मी अजून होकार कळवलेला नाही. डॉक्टरांनी तपासून गायला हरकत नाही असे सांगितले तर मी नक्की बसेन, आणि त्यांनी थांब म्हटले तर तू बाईंसारखा हात उचलायचा नाहीस, सरळ नाही म्हणून कळवायचे. तसे कळवण्याचे काम हवे तर माझ्याकडे दे. मी बसलो तर घड्याळ लावीन, तुझी पातळी एकदा लावून घेईन आणि हात मांडीवर ठेवीन. तुझा आवाज त्या जागी लागला तर लागलेला आणि फाटला तर फाटलेला, जसा असेल तसा सगळ्यांना ऐकू जाईल.

आई बरी आहे. तिने लाल पेटीतली तुझी भूगोलाची वही काढून ठेवली आहे. तिच्यात बाईंच्या हातचा शेरा आहे, तो मी इथे उतरवून देत नाही, तू येऊन वाच.

तुझे,
बाबा

ता. क. आवाजाला आराम म्हणून कुजबुजत बोलू नकोस, त्याने अनेकांच्या घशावर ताण वाढतो. बोलायचे तर नीट बोल, नाहीतर गप्प राहा. मला फोन करायची गरज नाही. डॉक्टरांची वेळ कोणत्या दिवसाची मिळाली, तेवढे लिहून कळव.