स्तंभालेखांवर आकडेही छापावेत

महोदय,

बातमीसोबत स्तंभालेख छापण्याची पद्धत चांगलीच आहे. मात्र त्यावरून शेकडा वाढ काढताना आलेला फरक नव्या नव्हे, तर मूळ आकड्याने भागायचा असतो, याचा अनेकदा विसर पडतो. ४० वरून ५० ही २५ टक्के वाढ, पण ५० वरून पुन्हा ४० ही २० टक्केच घट होय. त्यातच उभा अक्ष शून्याऐवजी ३८ पासून सुरू केला, तर ५० चा स्तंभ ४० च्या स्तंभापेक्षा सहापट उंच दिसतो आणि घाईतला वाचक (घाईत नसलेला वाचक आता विरळाच!) गणित न करताच नजरेवर विसंबतो. तेव्हा प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर त्याचा आकडा आणि अक्ष तोडला असल्यास तशी स्पष्ट खूण छापावी, ही विनंती.

– एक वाचक