रत्नागिरीत एक खोली बघशील?

गिर्ये, ता. देवगड

प्रिय दिगू,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. प्रवेशाच्या दिवसांत माझा दिवस माझा राहत नाही. ज्या इंजिनीअरिंग कॉलेजसाठी मी प्रवेशाचं काम करतो ते कोल्हापुरात, मी घरच्या पडवीत, आणि अख्खा सिंधुदुर्ग नि राजापूर तालुका माझ्या फोनवर. पावसात वीज गेली की तासाभरात रेंजही जाते. मग लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा आणि रेंजसाठी सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर जायचं. परवा एका मुलाचा ऑप्शन फॉर्म तिथेच छत्रीखाली बसून भरून घेतला. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशाच्या, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर तेच घ्यावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कोकण बोर्डाचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला येतो रे, पण आपली पोरं अडतात ती त्याच्या पुढे.

गेल्या महिन्यात काजूच्या कारखान्यात जाणारी एक बाई घरी आली. काजू सोलून बोटांची टोकं काळी पडलेली. ब्रेडच्या पिशवीत दहा हजार रुपये, रबर लावून. "सर, ह्यात जागा धरून ठेवा. रवलेले गणपतीच्या आधी दितंय."

मुलगी हुशार, सीईटीला चांगले पर्सेंटाइल. कॉलेजच्या कोट्यातून तिची जागा मी त्याच दिवशी पक्की करू शकलो असतो. माझ्या आकड्यात एक भर पडली असती. पण 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मात्र प्रवेश कॅप फेरीतूनच हवा. कोट्यातून घेतला की माफी गेली. ते दहा हजार घेतले असते तर त्या माउलीला चार वर्षं फी भरावी लागली असती.

पिशवी परत तिच्या हातात दिली. मग तिच्या मागे लागून उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, सगळं गोळा करून घेतलं. सेतूत दोन खेपा मी स्वतः गेलो. आठवड्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "तुमच्या भागातून आकडा कमी का?" खरं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या महिन्याचं टार्गेट वाढवून आलं. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी उद्या तशीच पिशवी समोर आली तर मी तीही परतच देईन. माझ्या शब्दावर गाव विश्वास ठेवतं, त्याच गावात मला राहायचंय.

मुलीला तुमच्या रत्नागिरीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय लागलंय. फी माफ झाली, पण राहण्या-जेवण्याचा खर्च त्यात येत नाही, आणि वसतिगृहाचं अजून नक्की नाही. वहिनींना विचारून ओळखीत एखादी खोली बघशील का? मुलींसाठी सुरक्षित, एसटी स्टँडपासून फार लांब नको. डिपॉझिट लागलं तर तिच्या आईला सांगू नकोस, मला फोन कर. संध्याकाळी सातनंतर लाव, तेव्हा मी सड्यावर असतो.

तुझा,
बाळा