गणपतीच्या आधी एक विनंती : गुरुजींची पावसाची वही पुढे चालू ठेवायचीय

नमस्कार मंडळी, गावात असलेले आणि मुंबई-पुण्याला असलेले सगळेच,

मंडळाची पावतीपुस्तकं परत बाहेर निघालीत. देवळाचा रंग आणि सभामंडपाचे पत्रे मागच्या वर्षी झाले, त्याचा हिशोब बोर्डावर लावलाय. यंदा पैसे मागतोय ते हवामानाच्या नोंदीसाठी. यावर कोण कोण हसणार ते मला माहितीय, माझे काकाच पहिले हसले, म्हणाले पाऊस मोजून काय तो कमी पडणाराय? तरी वाचा.

आपले जुने गुरुजी गेले तेव्हा त्यांच्या माळ्यावर एक वही सापडली. लाल पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेल्या. शाळेच्या अंगणात ते डालड्याचा डबा ठेवायचे आणि सकाळी प्रार्थनेच्या आधी त्यात लाकडी पट्टी बुडवून किती ओली झाली ते लिहायचे, १९८४ पासून २००९ पर्यंत, बाजूला बारीक अक्षरात शेरे, मृग कोरडा, उघाडीवरून (खाडीच्या बांधातलं दार) पाणी गेलं, पोफळी तीन पडल्या, मोहोर दुसऱ्यांदा. ज्या कॉलेजशी आपलं बोलणं चालू आहे तिथले सर ती वही घेऊन ओटीवर अर्धा तास बसले, चहावर साय धरली तरी उठले नाहीत. मी म्हटलं सर डबा आहे हो, यंत्र नाही. तर म्हणाले डबा सरळ उभ्या बाजूंचा असला तर तोंड लहान असो की मोठं, साठलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस, थोडं शिंतोडे उडून जातं, थोडं वाफ होऊन जातं, पण तारखा तर खऱ्या आहेत, आणि एवढ्या वर्षांच्या तारखा एका गावात सहसा मिळत नाहीत.

२००९ नंतर वही कोरी आहे. आणि नेमकं त्यानंतरच काय काय झालंय बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं, आपल्याकडे दुपारपर्यंत माडं-पोफळी आडव्या, कौलं शेजाऱ्याच्या परसात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते, झाडावर राहिलेला सगळा आंबा खाली. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं आणि महाडजवळ तळियेची दरड आली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सांगतात अरबी समुद्र तापतोय आणि गेल्या वीसेक वर्षांत इथली वादळं वाढलीत, त्यांचं बरोबरच असणार, पण ते झालं अख्ख्या समुद्राचं, आपल्या वाडीवर त्या दिवशी किती पडला ते विचारलं तर आपण सांगतो खूप पडला.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. हवामानाची सरासरी काढायला तीस वर्षांच्या नोंदी धरतात. आणि विद्यापीठाच्या प्रोजेक्टला ग्रँट मिळते ती साधारण तीन वर्षांची. तीन वर्षं गाडी येते, पोरं येतात, यंत्र लागतं, मग ग्रँट संपते आणि यंत्राची बॅटरी पण संपते, ती कोणी बदलायची ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. ती मधली सत्तावीस वर्षं गावाने सांभाळायची, एवढंच म्हणणं आहे माझं. वेळासला बघा, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली कासवांचं काम सुरू केलं आणि गाव त्यात उतरला, म्हणून दरवर्षी घरटी मोजली जातात.

फायदा काय हा प्रश्न येणारच. आंब्याचा हवामान आधारित फळपीक विमा आपण भरतो, त्यात बागेत जाऊन नुकसान बघत नाहीत, मंडळातल्या हवामान केंद्रावर (महसूल मंडळ, आपलं नव्हे) अवकाळी किती पडला, तापमान किती गेलं त्या आकड्यावर पैसे ठरतात. ते केंद्र आहे वर सड्यावर आणि बागा आपल्या खाली खाडीच्या उतारावर, तिथे उन्हं तडतडत असतात आणि इथे मोहोरावर पाणी. आपली नोंद दाखवली की विमा लगेच मिळेल असं मी बोलत नाही, ती सरकारी नोंद नाही. पण कॉलेजने तपासलेल्या यंत्राचे चार-पाच वर्षांचे आकडे समोर ठेवून भांडणं वेगळं आणि नुसतं भांडणं वेगळं. शिवाय फुलकिडे, तुडतुडे, पुनर्मोहोर सगळं थंडीवर आणि दमटपणावर, खालच्या बागेत आणि वरच्या बागेत किती फरक पडतो ते कळलं तर एखादी फवारणी तरी वाचेल, औषधाचे भाव तुम्हाला माहितीच आहेत.

दुसरं खाजणाकडच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीजवळच्या विहिरींचं. खालच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्येच मचूळ लागतं, पूर्वी मेच्या शेवटाला लागायचं असं म्हातारी माणसं सांगतात, पण लिहिलेलं काहीच नाही. बांध फुटला म्हणून की समुद्र चढला म्हणून की आपणच पंप लावून उपसा वाढवला म्हणून, हे मोजल्याशिवाय नाही कळणार. तिसरं कारण निघालं तर वाईट नका वाटून घेऊ.

मागे एकदा लांबच्या एका विद्यापीठाची टीम येऊन विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली होती, आठवतं ना, आपण त्यांना उकडीचे मोदक घातले आणि रिपोर्ट आजतागायत आला नाही. म्हणून यावेळी करारात आधीच लिहून घेतोय, नोंदी दोघांच्या मालकीच्या, दरवर्षी ग्रामसभेत मराठीत समजावून सांगायचं, एक प्रत शाळेच्या कपाटात. सर लगेच हो म्हणाले. त्यांच्या अर्जात दत्तक गाव असा शब्द होता तो तेवढा काढायला लावला, आपले आईबाप अजून जिवंत आहेत म्हटलं. सहीशिक्का झाला की कॉलेजचं नाव पण टाकतो.

पैशाचं. पर्जन्यमापक, बागांमध्ये टांगायचे तापमान-दमटपणाची आपोआप नोंद ठेवणारे सहा लॉगर, पाण्याचा खारटपणा मोजायची दोन मीटर, जेटीवर भरतीची पट्टी, सगळं मिळून ७८,०००. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायला गावातल्याच दोन मुली, दोघींना प्रत्येकी महिना २,००० म्हणजे वर्षाचे ४८,०००, हे फुकटात करून घ्यायचं नाही असं मीटिंगमध्ये ठरलंय, फुकटचं काम लावणी आली की बंद पडतं. कॉलेजच्या पोरांचं राहणं-जाणंयेणं, पाण्या-मातीची तपासणी आणि बॅटऱ्या ३४,०००. पहिल्या वर्षाचे झाले १,६०,०००. गावातून ३७,५०० जमलेत, १,२२,५०० कमी आहेत. पुढे दरवर्षी ८२,००० लागतील, ८५ घरांनी वर्षाला १,००० धरले तर बसतं. एकदम पाच हजार देऊन विसरून जाण्यापेक्षा दरवर्षी हजार द्या, मला ते जास्त चालेल.

आपल्या मंडळाला ८०जी नाही, टॅक्समध्ये काही सुटणार नाही, नंतर भांडू नका. कंपनीत कोणाची सीएसआरवाल्यांशी ओळख असेल तर सांगा, पण तो पैसा कॉलेजच्या खात्यावर घेऊ, आपली कागदपत्रं तेवढी नाहीत.

पैसे नसतील तर दुसरं पण चालेल. आजोबांच्या डायऱ्या, रापणीचे हिशोब, आंब्याची पहिली पेटी कधी गेली त्याच्या दलालाच्या पट्ट्या, पुराचं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं त्याचे फोटो, काहीही, फक्त तारीख पाहिजे. आणि वरच्या आळीत बंद घरं आहेत त्यातलं एक जून ते सप्टेंबर पोरांना राहायला द्या, लाईटबिल मंडळ भरेल.

पावती खजिनदारांकडे, किंवा गणपतीत देवळात रोज संध्याकाळी आरतीनंतर. गुरुजींची वही पण तिथेच मांडून ठेवणाराय, बघा, आपल्या जन्माच्या दिवशी किती पाऊस होता ते शोधा, फक्त ओल्या हाताने पानं उलटू नका, शाई फुटते.