रोज नवे मित्र कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाठीवर सॅक टाकून परदेशात एकट्याने भटकणाऱ्यांविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. 'हॉस्टेलमध्ये उतरा, रोज नवे मित्र भेटतील' असे लेखकाने म्हटले आहे. भेटतात हो, रोज नवेच भेटतात. माझी तक्रार तीच आहे.

पन्नाशीनंतर नोकरी सोडून मी अशी फिरायला लागले. (वयाकडे पाहून डॉर्ममधली, म्हणजे हॉस्टेलच्या सामाईक खोलीतली, खालची खाट न मागता मिळते, एवढा फायदा सांगून ठेवते.) बँकॉकमध्ये स्वस्तात फिरणारे जिथे उतरतात त्या खाओ सान रोडच्या आसपास मुक्काम केला की संध्याकाळी तेच प्रश्न: कुठून आलात, कधीपासून फिरताय, पुढे कुठे? उत्तरे देऊन होईपर्यंत समोरच्याची रात्रीची बस निघायची वेळ झालेली असते. दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून उजळणी. वर्ष वर्ष घराबाहेर असलेली माणसे अशा ठिकाणी कानाला हेडफोन लावून बसतात. माणूसघाणी नसतात ती, स्वतःचीच गोष्ट सांगून कंटाळलेली असतात.

या लोकांशी माझी ओळख झाली ती जिथे वाट एकच असते तिथे. नेपाळमधली अन्नपूर्णा परिक्रमा, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेभोवतीची पायवाट घ्या. ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला खिंड मनांग गावाच्या बाजूने चढणे सोयीचे, म्हणून बहुतेक जण त्याच दिशेने जातात. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून मनांगला एखादा दिवस जास्त थांबतात. त्यामुळे सकाळी मागे पडलेला माणूस संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात हमखास समोर येऊन बसतो. 'पुढे कुठे' हे विचारायचे कारणच उरत नाही. मग गुडघे, संपत आलेले पैसे, मागे राहिलेले म्हातारे आईवडील असे विषय निघतात. आमच्या मागेपुढे एक निवृत्त परिचारिका चालत होती. एरवी अखंड बडबडणारा एक मुलगा खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामी गप्प बसलाय, ताटाला हात लावत नाही, हे तिने हेरले. विरळ हवा बाधली असावी अशा शंकेने डोके दुखते का विचारले आणि त्याला पुढे जाऊ न देता खाली उतरायला लावले. तो जाम चिडला होता. पण आदल्या रात्री डॉर्ममध्ये भेटलेल्या कुणाला तो एरवी बडबडतो हे ठाऊक तरी असते का?

स्पेनमध्ये सांतियागोला जाणाऱ्या कामिनो या पायी यात्रेच्या वाटेवर तर सार्वजनिक धर्मशाळांत आजारपण सोडले तर एकच रात्र राहू देतात, त्यामुळे अख्खा ताफा रोज पुढे सरकतो. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूलहून काठमांडूकडे जमिनीवरून जाणाऱ्यांचेही असेच होते. इस्तंबूलच्या 'पुडिंग शॉप' या खानावळीत एका फलकावर ते एकमेकांसाठी निरोप लावून ठेवत. १९७९मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांमुळे ती वाट तुटली.

व्हिसाचा विषय लेखात एका ओळीत उरकला आहे, ते मात्र खटकले. दीर्घकाळ फिरणाऱ्यांची सोबत किती टिकणार, हे पुष्कळदा पासपोर्टच ठरवतो. शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, अल्प मुदतीसाठी आलेल्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. म्हणून हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात लोक कॅलेंडर पुढ्यात घेऊन दिवस मोजताना दिसतात. मुदत संपत आली की कुणी या गटाबाहेरचा अल्बानिया गाठतो, कुणी सर्बिया. ज्याला तिथलाही व्हिसा आधी काढावा लागतो तो वेगळी वाट धरतो आणि छान जमलेला गट सीमेवर फुटतो. त्यात कुणाचा दोष नसतो, तरी वाईट वाटतेच.

एक विनंती. लेखासोबतच्या चौकटीत लेखकाने पाहिलेल्या देशांचा आकडा ठळक छापला होता. पुढच्या वेळी ती जागा मार्ग, ऋतू आणि सीमेवरचे नियम यांना द्यावी. अन्नपूर्णेला ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघालो की ऐन पावसाळ्यात, यावर वाटेत माणसे भेटणार की नाही हे ठरते. तेवढे छापून आले तरी एकट्याने निघणाऱ्याचे काम भागेल.

आपली,
एक नियमित वाचक